कच्च्या तेलापासून अल्केनच्या नावापर्यंत: कोणत्या क्रमाने सोडवायचे, कुठे चुकते

अकरावीच्या चाचणीचे पेपर तपासताना माझा लाल पेन दरवर्षी एकाच जागी थांबतो. आडव्या ओळीत चार कार्बन, डावीकडून दुसऱ्या कार्बनखाली आणखी दोन कार्बन, आणि त्याखाली सुंदर अक्षरात उत्तर: २-इथाइलब्युटेन. मुलाने नियम पाठ केलेले असतात. विचारले तर धडाधडा म्हणूनही दाखवतो. वही पुढे केली की म्हणतो, "सर, सरळ ओळ तर चारचीच आहे की!"

चूक इथेच आहे. त्याने कागदावरची ओळ मोजली, रेणू मोजलाच नाही. या प्रकरणात कोणता कार्बन कोणाला जोडलेला आहे, एवढेच बघायचे असते. वर, खाली, आडवे, वाकडे ही सगळी कागदाची सोय आहे. नाव देणे, समघटक काढणे, तेलाचे घटक वेगळे करणे, ज्वलनाचे समीकरण लिहिणे, या चारही ठिकाणच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

पुस्तकात कच्चे तेल आधी येते आणि नावे नंतर. मी मात्र आधी साखळी वाचायला शिकवतो आणि तेलाकडे नंतर वळतो. साखळी डोळ्यांपुढे नसेल तर तेलाचा मनोरा म्हणजे नुसती पाठ केलेली यादी होते. या लेखातही तोच क्रम ठेवला आहे. सूत्रे इथे देवनागरीत लिहिली आहेत: सी म्हणजे कार्बन, एच म्हणजे हायड्रोजन, ओ म्हणजे ऑक्सिजन. वहीत तुम्ही नेहमीसारखी इंग्रजी अक्षरेच लिहा.

तयारी

रात्री मूठभर हरभरे भिजत घाला. सकाळी खराट्याच्या काडीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून ठेवा. हरभरा म्हणजे कार्बन, काडी म्हणजे बंध. हरभरा नीट भिजला नसेल तर काडी टोचताच त्याची डाळ होते, म्हणून आठ-दहा तास तरी भिजू द्या. हायड्रोजन लावायची गरज नाही, सांगाडा पुरे.

आता सहा हरभऱ्यांचा सांगाडा करा: चार ओळीत, दुसऱ्याला जोडून खाली दोन. तो हातात घ्या आणि खालचे टोक व उजवे टोक धरून ताणा. पाच हरभरे एका रेषेत येतील आणि एकच बाजूला लोंबेल. ब्युटेन म्हणून लिहिलेला रेणू हातात पेंटेन झाला. दहा मिनिटांचा हा खेळ ज्याने स्वतः केला, त्याच्याकडून ही चूक पुन्हा सहसा होत नाही. फळ्यावर दहा वेळा सांगूनही एवढा उपयोग होत नाही, हा माझा अनुभव आहे.

दुसरी तयारी पाठांतराची, आणि ती टाळता येत नाही. अल्केन म्हणजे फक्त एकेरी बंध असलेली कार्बन-हायड्रोजनची संयुगे. एक ते दहा कार्बनच्या अल्केनची नावे क्रमाने आली पाहिजेत: मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन, पेंटेन, हेक्झेन, हेप्टेन, ऑक्टेन, नोनेन, डेकेन. सोबत थोडे उत्कलनांक लक्षात ठेवा: मिथेन उणे १६२ अंश सेल्सिअस, प्रोपेन उणे ४२, ब्युटेन उणे ०.५, पेंटेन ३६, हेक्झेन ६९, ऑक्टेन १२६, डेकेन १७४. पुढे ते लागणार आहेत.

टप्पा १: आधी सांगाडा, मग हायड्रोजन

कार्बनला चार बंध असतात, कमी नाहीत आणि जास्तही नाहीत. आधी सगळे सी जोडून घ्या, मग प्रत्येक सी-चे किती बंध झाले ते मोजा आणि चाराला जितके कमी पडतील तितके एच लावा. टोकाच्या कार्बनला तीन, मधल्याला दोन, एक फांदी फुटलेल्याला एक, दोन फांद्या फुटलेल्याला शून्य.

बरीच मुले एकेक सी लिहिताना लगेच एच लावत जातात आणि नंतर त्याच सी-वर फांदी काढतात. मग पाच बंधांचा कार्बन तयार होतो.

*तपासा:* अल्केनमध्ये कार्बन जितके असतील त्याची दुप्पट अधिक दोन इतके हायड्रोजन हवेत. सहा कार्बनला चौदा. तेरा किंवा पंधरा आले तर पुढे जाऊ नका, चूक सांगाड्यातच आहे.

टप्पा २: सर्वांत लांब साखळी शोधा

एका टोकाच्या सी-वर बोट ठेवा. बोट न उचलता, एकदा गेलेल्या वाटेने परत न येता, दुसऱ्या टोकाला जा आणि वाटेतले सी मोजा. असे प्रत्येक टोकापासून प्रत्येक टोकापर्यंत करा. तीन टोके असतील तर वाटा तीन, चार टोके असतील तर सहा. सहाच वाटा आहेत, त्यामुळे आळस करू नका. सर्वांत लांब वाट ही जनक साखळी. तिला पेन्सिलने वेढा घाला. वेढ्याबाहेर जे राहिले त्या फांद्या: एका कार्बनची मिथाइल, दोनाची इथाइल, सरळ तिनाची प्रोपाइल.

दोन वाटा सारख्याच लांब निघाल्या तर जिच्यावर जास्त फांद्या आहेत ती घ्या. उदाहरण करून बघा: आडवे पाच सी, दुसऱ्यावर एक सी, तिसऱ्याखाली दोन सी. आडवी पाचाची साखळी धरली तर बाहेर दोन फांद्या राहतात आणि उत्तर ३-इथाइल-२-मिथाइलपेंटेन असे सरळ येते. खालच्या टोकापासून उजव्या टोकापर्यंतची पाचाची वाट धरली तर बाहेर एकच, पण स्वतःच फुटलेली फांदी उरते आणि तिचे नाव देताना मुले अडकतात. नियम इथे तुमचे काम सोपे करतो.

*सावधान:* उत्तरात "१-मिथाइल" किंवा "२-इथाइल" आले की थांबा. पहिल्या कार्बनवर मिथाइल बसूच शकत नाही, कारण ती फांदी नसते, साखळीच एकाने वाढलेली असते. दुसऱ्या कार्बनवर इथाइल असेल तर त्या बाजूने साखळी एकाने लांब होते. तसेच तिसऱ्या कार्बनवर सरळ प्रोपाइल येऊ शकत नाही. क्रमांक शेवटाकडूनही मोजून बघा, कारण शेवटून दुसऱ्यावरचा इथाइलही तितकाच चुकीचा. पेपर देताना ही एक कसोटी लक्षात राहिली तरी या प्रश्नाचे गुण बहुतेक वाचतात.

टप्पा ३: क्रमांक कोणत्या बाजूने द्यायचे

दोन्ही बाजूंनी क्रमांक देऊन फांद्यांच्या जागा दोन ओळींत लिहा. पहिला आकडा पहिल्याशी ताडा. जिथे पहिल्यांदा फरक पडतो तिथे लहान आकडा असलेली बाजू बरोबर.

इथे एक चुकीची युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे: "ज्या बाजूने बेरीज कमी, ती बाजू घ्या." ती बऱ्याचदा चालते, म्हणून तर टिकली आहे. पण दहा कार्बनची साखळी घ्या, डावीकडून २, ७ आणि ८ या जागी मिथाइल. उजवीकडून मोजले तर त्याच फांद्या ३, ४, ९ वर येतात. बेरीज १७ आणि १६. बेरीज बघणारा उजवी बाजू घेतो आणि चुकतो. पहिल्या आकड्यात २ हा ३ पेक्षा लहान आहे, विषय तिथेच संपला: २,७,८-ट्रायमिथाइलडेकेन. ज्यांनी ही युक्ती वहीत लिहून घेतली असेल त्यांनी आजच खोडावी.

टप्पा ४: नाव लिहा

फांद्यांची नावे इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमाने. मराठी माध्यमातून अकरावीला आलेल्या मुलांचा गोंधळ इथे मी अनेकदा पाहिला आहे. आपल्या वर्णमालेत प आधी आणि म नंतर, म्हणून ते प्रोपाइल आधी लिहितात. इंग्रजीत एम आधी, पी नंतर. म्हणून २-मिथाइल-४-प्रोपाइलहेप्टेन. इथाइल आणि मिथाइल दोन्ही भाषांत त्याच क्रमाने येतात, त्यामुळे साध्या उदाहरणांत ही चूक झाकलेली राहते आणि नेमकी परीक्षेत उघडी पडते.

डाय, ट्राय, टेट्रा हे आकडे सांगणारे शब्द आहेत, क्रम लावताना ते धरायचे नाहीत. ४-इथाइल-२,२-डायमिथाइलहेक्झेन यात डायमिथाइलचा डी बघायचा नाही, मिथाइलचा एम बघायचा. प्रत्येक फांदीला स्वतःचा क्रमांक हवा. एकाच कार्बनवर दोन मिथाइल असतील तर २,२ असे दोनदा लिहायचे, "२-डायमिथाइल" अपुरे आहे. आकड्यांमध्ये स्वल्पविराम, आकडा आणि अक्षर यांच्यामध्ये आडवी रेघ.

*तपासा:* नावातले कार्बन मोजा. ४-इथाइल-२,२-डायमिथाइलहेक्झेन: इथाइलचे २, दोन मिथाइलचे २, हेक्झेनचे ६, एकूण १०. चित्रात दहा सी आहेत का? नसतील तर एखादी फांदी विसरली आहे किंवा दोनदा धरली आहे.

टप्पा ५: समघटक काढताना यादी सुटू नये म्हणून

रेणुसूत्र तेच, जोडणी वेगळी, हे समघटक. इथे चुका दोन प्रकारच्या: एखादा सुटतो, किंवा एकच रेणू दोनदा काढला जातो. दुसरी चूक जास्त. सी वर काढला काय आणि खाली काढला काय, डावीकडून दुसऱ्यावर काढला काय आणि उजवीकडून दुसऱ्यावर काढला काय, हरभऱ्याचा सांगाडा हातात फिरवला तर तोच.

सुचेल तसे काढू नका. पुढच्या क्रमाने उतरत जा. सहा कार्बन घेऊ.

पहिले, सहाही एका ओळीत: हेक्झेन.

मग एक कार्बन काढून घ्या. पाचाची साखळी राहिली. काढलेला कार्बन टोकाला लावायचा नाही, कारण परत सहाची साखळी होईल. दुसऱ्यावर लावा, मग तिसऱ्यावर, आणि साखळीच्या मध्याशी थांबा. चौथी जागा म्हणजे उलट बाजूने दुसरीच. मिळाले २-मिथाइलपेंटेन आणि ३-मिथाइलपेंटेन.

आता दोन कार्बन काढून घ्या. चाराची साखळी. दोन्ही एकाच कार्बनवर: २,२-डायमिथाइलब्युटेन. शेजारशेजारच्या दोघांवर: २,३-डायमिथाइलब्युटेन. दोन्ही जोडून इथाइल म्हणून दुसऱ्यावर लावायचा मोह होतो, पण वरची कसोटी आठवा, तो ३-मिथाइलपेंटेनच आहे.

तीन कार्बन काढले तर तिनाची साखळी राहते, मधला कार्बन एकच, आणि त्यावर आणखी दोनच बंध मोकळे. तिसऱ्या कार्बनला जागा नाही. यादी संपली: एकूण पाच.

*तपासा:* प्रत्येकाचे नाव लिहा. दोन चित्रांचे नाव एकच आले तर रेणू एकच. नाव हीच खात्रीची तपासणी आहे, चित्र डोळ्यांना फसवते. ब्युटेनचे २, पेंटेनचे ३, हेक्झेनचे ५, हेप्टेनचे ९, ऑक्टेनचे १८, डेकेनचे ७५. हेप्टेनपर्यंत स्वतः काढा. आठ येऊन अडकलात तर बहुधा ३-इथाइलपेंटेन सुटला असेल. पाचाच्या साखळीत मध्यावर इथाइल बसतो, तिथे तो खराच फांदी असतो.

टप्पा ६: आता कच्चे तेल

कच्चे तेल हे शेकडो वेगवेगळ्या हायड्रोकार्बनचे, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजनच्या संयुगांचे, मिश्रण. सोलापूरच्या मुलांना जवळच्या पाकणीचे पेट्रोल-डिझेलचे डेपो माहीत असतात आणि अनेकांना वाटते की तिथल्या टाक्यांत तेल शुद्ध होते. तिथे मुंबईहून पाइपलाइनने तयार पेट्रोल-डिझेल येते. वेगळे करण्याचे काम शुद्धीकरण कारखान्यात आधीच झालेले असते.

तिथला क्रम असा. तेल भट्टीत साधारण ३५० अंशांच्या वर तापवतात. बहुतेक भागाची वाफ होते आणि ती उंच मनोऱ्यात खालून शिरते. मनोरा खाली तापलेला, वर थंड. वाफ वर चढते तशी निवते, आणि ज्या घटकाचा उत्कलनांक जिथल्या तापमानाशी जुळतो तिथे तो द्रव होऊन तबकात गोळा होतो. अगदी वर एक ते चार कार्बनचे वायू, त्याखाली साधारण पाच ते दहा कार्बनचे पेट्रोल-नाफ्था, मग दहा-सोळाच्या आसपास रॉकेल, मग चौदा-वीसच्या आसपास डिझेल, आणि तळाशी जड अवशेष. तो कमी दाबाखाली पुन्हा ऊर्ध्वपातित करतात. कमी दाबात उत्कलनांक उतरतो, नाहीतर इतक्या उष्णतेत लांब साखळ्या तुटू लागतील. त्यातून वंगणाची तेले निघतात आणि शेवटी डांबर उरते. हद्दी एकमेकींवर चढलेल्या असतात, पुस्तकागणिक आकडे थोडे इकडेतिकडे दिसतील, त्याने गोंधळू नका.

नेहमीच्या चुका: मनोऱ्याचे टोक तापलेले दाखवणे. पेट्रोल हा एकच पदार्थ समजून त्याचा एक उत्कलनांक लिहिणे. आणि सर्वांत मोठी, "उष्णतेने बंध तुटून लहान रेणू तयार होतात" हे वाक्य. मनोऱ्यातल्या या वेगळे करण्यात, म्हणजे प्रभाजी ऊर्ध्वपातनात, रेणूच्या आतला एकही बंध तोडायचा नसतो. ऑक्टेन आत गेला तसाच ऑक्टेन बाहेर आला. सुटले ते फक्त रेणूंचे एकमेकांना धरून राहणे.

हे धरून राहणे समजायला सोलापुरात लांब जावे लागत नाही. ज्यांच्या घरात माग आहे त्यांनी सुताचे तुकडे बघितलेच असतील. बोटभर लांबीच्या तुकड्यांचा ढीग फुंकरीने विखुरतो. हातभर लांबीच्या तुकड्यांचा ढीग उचलला तर सगळाच उचलला जातो, कारण प्रत्येक दोरा शेजाऱ्यांना किती तरी जागी टेकलेला असतो. लांब साखळीचा अल्केन असाच, म्हणून त्याचा उत्कलनांक जास्त. त्याच दोऱ्याची गुंडाळी केली तर ती शेजाऱ्यांना कमी ठिकाणी टेकते. फांद्या फुटलेला रेणू तसा आटोपशीर होतो आणि लवकर उकळतो. पेंटेन ३६ अंशांना, २-मिथाइलब्युटेन सुमारे २८ ला, आणि २,२-डायमिथाइलप्रोपेन सुमारे ९.५ ला. तिघांतही पाचच कार्बन आहेत.

पुस्तक म्हणते पेंटेन नेहमीच्या तापमानाला द्रव. ते २५ अंश धरून लिहिलेले आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो तेव्हा उघड्या भांड्यातला पेंटेन दुपारच्या सावलीतही उकळेल. पेपरात मात्र तापमान दिले नसेल तर २५ अंशच धरा.

*सावधान:* पेट्रोल, डिझेल, रॉकेल घरी तापवून "वेगळे करून बघू" असा प्रयोग कधीही करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते आणि दूरच्या ज्योतीनेही पेटते. गॅसच्या टाकीतले प्रोपेन-ब्युटेनही तसेच खाली साचते. त्याला स्वतःचा वास जवळपास नसतो, गळती कळावी म्हणून इथाइल मरकॅप्टन मिसळतात. तो वास आला की बटणे न दाबता आधी दारे-खिडक्या उघडा आणि रेग्युलेटर बंद करा.

टप्पा ७: ज्वलनाचे समीकरण

क्रम ठरलेला: कार्बन, मग हायड्रोजन, ऑक्सिजन सर्वांत शेवटी. ऑक्सिजन उजवीकडे दोन पदार्थांत वाटला जातो, म्हणून त्याला आधी हात लावला तर पुन्हापुन्हा खोडावे लागते.

ब्युटेन घ्या, सी४एच१०. चार कार्बन, म्हणून ४ सीओ२. दहा हायड्रोजन, म्हणून ५ पाणी. उजवीकडे ऑक्सिजनचे अणू: ८ आणि ५, एकूण १३. ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा, म्हणजे साडेसहा रेणू. इथे मुले घाबरतात आणि सूत्रातलाच आकडा बदलून टाकतात. सूत्राला हात लावायचा नाही. सगळ्यांची दुप्पट करा:

२ सी४एच१० + १३ ओ२ → ८ सीओ२ + १० एच२ओ

कार्बनची संख्या सम असली की दुप्पट करावी लागते, विषम असली की नाही. प्रोपेनला थेट ५ ऑक्सिजन, ३ कार्बन डायऑक्साइड, ४ पाणी.

*तपासा:* वस्तुमानाने पडताळा. प्रोपेन ४४ ग्रॅम, ऑक्सिजन १६० ग्रॅम, डावीकडे २०४. उजवीकडे १३२ आणि ७२, तेही २०४.

हवा कमी पडली तर अपूर्ण ज्वलन: कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी. भाकरीच्या तव्याची बूड काळी होऊ लागली आणि ज्योत निळीऐवजी पिवळी दिसू लागली तर बर्नरची भोके साफ करून घ्या. बंद न्हाणीघरातला गॅस गिझर याच कारणाने जीव घेतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही.

टप्पा ८: भंजन, थोडक्यात

मनोऱ्यातून जड तेल जास्त आणि पेट्रोल कमी निघते, म्हणून लांब साखळ्या मुद्दाम तोडतात. इथे बंध खरोखर तुटतात. डेकेन तुटून ऑक्टेन आणि इथीन: सी१०एच२२ → सी८एच१८ + सी२एच४. उजवीकडे दोन्ही अल्केन लिहिणे ही ठरलेली चूक. मग एच चोवीस होतात, डावीकडे बावीसच आहेत. एक तुकडा दुहेरी बंधाचाच हवा.

सराव

उत्तरे झाकून सोडवा, बोट फिरवून सोडवा.

१. आडवे पाच सी, दुसऱ्याखाली एकाखाली एक तीन सी. नाव?
२. आडवे चार सी, दुसऱ्याच्या वर एक, खाली एक, तिसऱ्यावर एक. नाव?
३. हेक्झेन आणि २,२-डायमिथाइलब्युटेन यांत आधी कोण उकळेल?
४. पेंटेनच्या एका रेणूच्या पूर्ण ज्वलनाला ऑक्सिजनचे किती रेणू लागतात?
५. "१-मिथाइलब्युटेन" चे खरे नाव काय?

उत्तरे: १. ४-मिथाइलहेप्टेन (२-प्रोपाइलपेंटेन लिहिले असेल तर टप्पा २ हरभरे घेऊन पुन्हा करा). २. २,२,३-ट्रायमिथाइलब्युटेन. ३. २,२-डायमिथाइलब्युटेन, सुमारे ५० अंशांना. ४. आठ. ५. पेंटेन.